फुकटच्या गुहेत गेलेले व्याही

माझ्या ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी आमच्याच बैठकीत, त्यांच्या हातात पोह्यांची बशी असताना, दगडाखाली घालून मारलं. ते आजही ठणठणीत आहेत, वारंगा फाट्यावरच्या आपल्या हॉटेलात रोज सकाळी भज्यांचं पीठ स्वतः कालवतात. पण मारलं ते मारलंच. साक्षीदार सगळे घरातले होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही आजवर ते विसरल्याचं सोंग केलेलं नाही.

मुळात दोष माझ्या पायांचा. मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. बसलो की गुडघा आपोआप हलायला लागतो. आई ओरडायची, "गजू, पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाती." लक्ष्मी आमच्याकडं तशीही फारशी टेकत नसे, त्यामुळे मी हलवत राहायचो. अण्णा अगदी उलटे. ते हिंगोलीच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. गाडीचा पत्ता नाही, प्रवासी खिडकीला लोंबकळून शिव्या देऊन राहिलेत, अशा वेळी अण्णा चष्मा पुसून फक्त एक शब्द बोलायचे, "येईल." वैशालीताई या दोघांच्या मधली. वरून अण्णांसारखी शांत आणि आतून माझ्याहून चार पावलं पुढं (हे दुसरं मला फार उशिरा कळलं).

त्या वर्षी माझं बी.कॉम. संपलं होतं आणि नोकरी सुरू झाली नव्हती. लोडशेडिंग मात्र नियमित होतं. घरात पंखा बंद पडला की मी सायकल काढून मोईनच्या इंटरनेट कॅफेत जायचो. मोईन माझा शाळेतला दोस्त. दुकानाच्या पुढच्या भागात त्याच्या अब्बांचं शिलाई मशीन, मागच्या भागात पडदा लावून कॉम्प्युटर. तिथं इन्व्हर्टर होता आणि फुकट बसू देणारा मालक होता, आणखी काय हवं? मोईनला एकच व्यसन होतं. पडद्यावर कुठंही 'फ्री' असं लिहिलेलं दिसलं की त्याचा हात थांबायचा नाही. फ्री कॅलेंडर, फ्री घड्याळ, एकदा तर फ्री म्हणून त्यानं असं काही घेतलं की आठवडाभर सगळे कॉम्प्युटर आपोआप बंद होत होते.

"गज्या, ये देख," तो एके दुपारी म्हणाला. "पूरा खेल फ्री में दे रहे. कागद पे खेलनेका."

परदेशातली कुठली तरी कंपनी होती. तिचा खेळ असा, की त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि 'मी आता हे करतो, मी आता ते करतो' असं बोलून गोष्ट पुढं नेतात. काही अवघड करायचं झालं, दरीवरून उडी मारायची, राक्षसावर वार करायचा, की फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर आपटलात. बस, एवढंच. कंपनीनं नियमांची थोडी पानं, चार तयार माणसं आणि एका गुहेची गोष्ट फुकट ठेवली होती. बाजारात टरबूजवाला एक फोड चाखायला देतो, तसा प्रकार. फोड फुकट आणि टरबूज डॉलरमध्ये! पण शेवटचं पान आधी वाचायचं असतं, हे मला तेव्हा कुठं माहीत? मी पहिल्या पानावरच्या शिंगवाल्या राक्षसाचं चित्र बघितलं आणि गुडघा दुप्पट वेगानं हलायला लागला. मोईननं सगळं छापून दिलं.

आता अडचण फाशाची. त्या खेळाला वीस तोंडांचा फासा लागतो. मी हिंगोलीतल्या प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात विचारलं. एका दुकानदारानं समजूतदारपणे सांगितलं, की वीस तोंडांचा येत नाही, पण सहा तोंडांचे तीन घेतले तर अठरा होतात, वरची दोन तुम्ही सांभाळून घ्या. मी सांभाळून घ्यायला तयार नव्हतो. घरी आलो आणि आईच्या डब्यावर नजर गेली. आमच्या गावात दुसरं काही मिळो न मिळो, हळद मिळते. आईनं डब्यात निवडून निवडून जाड, न मोडलेली, गुळगुळीत हळकुंडं जपून ठेवली होती. ताईच्या लग्नासाठी. मी त्यातली वीस काढली, ताईच्या डी.एड.च्या तक्त्यांसाठी आणलेल्या काळ्या स्केचपेननं त्यांच्यावर एक ते वीस आकडे घातले आणि तुरीच्या डाळीच्या कापडी पिशवीत टाकली. न बघता हात घालायचा आणि एक काढायचं. वीस म्हणजे राजा. एक म्हणजे सत्यानाश. (डब्यात खाली उरला तो नुसता हळकुंडांचा चुरा. आईला हे सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो.)

सराव ताईबरोबर केला. तिनं नियमांची पानं एकदाच वाचली, चार माणसांतला चोर निवडला आणि मला धुऊन काढलं. ती अडचणीत सापडली की पिशवीत हात घालायची आणि शांतपणे वीस बाहेर काढायची. बरं, दर वेळी नाही. बरोबर गरज असेल तेव्हा! मी आईला कौतुकानं सांगितलं, "ताईचं नशीब लई जोरात हाय." आई म्हणाली, "मग स्थळ काहून येईना?"

आणि स्थळ आलं.

मुलगा वारंगा फाट्याचा, दिलीप नाव. फाट्यावरच त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान, शेजारी वडिलांचं हॉटेल. ताईनं त्याला एका लग्नात लांबून पाहिलेलं होतं. जेवणाच्या पंगतीत कुणाचा तरी जनरेटर बंद पडला, तर हा नव्या कपड्यांनिशी खाली झोपून तो दुरुस्त करत होता, एवढंच ती बोलली होती. पण आधीच्या स्थळांबद्दल ती तेवढंही बोलली नव्हती. म्हणून आईनं त्या दिवशी सकाळपासून घर तीनदा झाडलं आणि मला बजावलं, की पाहुण्यांसमोर पाय हलला तर तंगडं बांधून ठेवीन.

पाहुणे दुपारी आले ते दोघंच. मुलाचे वडील किसनराव आणि आत्या गयाबाई. किसनराव पांढऱ्याशुभ्र धोतरातले, भारदस्त. फाट्यावरच्या पंचक्रोशीत बांधाची, पाण्याची, भावकीची कुठलीही भांडणं असोत, त्यांच्या हॉटेलातल्या बाकड्यावर मिटायची. गयाबाई त्यांच्या थोरल्या बहीण. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. आणि मुलगा? मुलगा मोटारसायकलवर मागून येत होता, तर वाटेत एक टेम्पो बंद पडलेला दिसला. म्हणून तो तिथंच थांबला होता.

"त्याला न्हाई ऱ्हावत," गयाबाई म्हणाल्या. "येतंच इतक्यात लेकरू."

लेकरू काही येईना. मुलाशिवाय मुलीला बाहेर आणता येईना. पाऊसपाणी झालं, हळदीचा भाव झाला, आमचे आणि त्यांचे दोघांच्याही ओळखीचे निघतील असे सगळे लोक झाले. मग लाइट गेली. पंखा शेवटचा गरगरला आणि थांबला. अण्णा अर्थातच निवांत होते. माझा गुडघा मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. समोर किसनराव एकदा खिडकीकडं, एकदा दाराकडं बघत होते, मग टोपी काढून घालत होते. तेव्हा मला ओळख पटली. हा माणूस माझ्याच जातकुळीचा होता. त्यालाही बसवत नव्हतं.

त्यांनी सहज म्हणून कोनाड्यातले माझे कागद उचलले. "हे काय हाय? कसलं चित्र?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून मानेनं 'नाही नाही' करत होती. पण माझं तोंड सुटलं ते सुटलंच. खेळ समजावून सांगितला. किसनराव मांडी बदलून पुढं सरकले आणि म्हणाले, "मग होऊन जाऊ द्या. तवर वेळ जाईन."

मी माणसं वाटली. किसनराव तलवारबाज. अण्णा जादूगार (त्यांनी 'येईल' म्हणतात त्याच आवाजात 'बरं' म्हटलं). राहिले दोन. मी गयाबाईंच्या हातात चोराचा कागद दिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मी चोर? तुमच्या घरी येऊन मी चोर?"

मी घाईघाईनं कागद काढून घेतला आणि त्यांना जडीबुटीवाली केलं. जखमा भरून काढणारी. मग त्या जरा सैलावल्या. चोराचा कागद तसाच कोनाड्यात राहिला.

गोष्ट सुरू केली. डोंगराखालच्या गावातली देवळाची घंटा चोरीला गेली आहे. ती घंटा गुहेत आहे. गुहेच्या तोंडाशी अर्धा माणूस, अर्धा बोकड असा एक भयंकर पहारेकरी उभा आहे. "आता तुम्ही काय करता?" मी आवाज खाली आणून विचारलं. कंपनीनं लिहिलं होतं, की इथं खेळणारे हमखास तलवार उपसतात. लढाईची दोन पानं मी तोंडपाठ केली होती.

किसनरावांनी विचार केला. मग म्हणाले, "गुहेचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

मी म्हटलं, तसं काही दिलेलं नाही. ते म्हणाले, मग आधी तलाठ्याला विचारू, दुसऱ्याच्या रानात असं घुसता येत नाही. गयाबाईंचं लक्ष बोकडाकडं होतं. तो जेवला आहे का, हे त्यांना कळायला हवं होतं. मी म्हटलं तो राक्षस आहे. त्या म्हणाल्या, "राक्षस असला म्हणून काय झालं, दुपारची वेळ हाय." आणि आपल्या गाठोड्यातली भाकरी त्यांनी त्याला देऊन टाकली. पिशवीत हात घातला तर अठरा. बोकड खूश. अण्णांनी तर कहर केला. त्यांनी बोकडाला विचारलं, तुझी ड्युटी किती वाजता संपते? पहारेकरी कुठलाही असो, बदली माणूस यायच्या आधी चहाला जातोच, असं त्यांचं डेपोतलं मत होतं. तेव्हा आपण बाजूला बसू आणि वाट बघू. किसनरावांनी त्याहून पुढचा तोडगा काढला. गावातली चार माणसं आणि बोकडाकडची चार माणसं बसवायची आणि घंटा सहा महिने तुमच्याकडं, सहा महिने आमच्याकडं असं ठरवून टाकायचं.

"वाद मिटला," ते म्हणाले. "लिहा."

काय लिहू? साता समुद्रापलीकडच्या कंपनीनं बोकडाचे दात किती लांब हे लिहिलं होतं, पण त्याची तडजोड कुठंच दिली नव्हती. माझी ती लढाईची पानं वाया चालली होती. गुडघा आता हाताबाहेर गेला होता.

एवढ्यात ताई आली. मुलगा अजून यायचा होता, पण पोहे गार होत होते, म्हणून आईनं नाइलाजानं तिला पाठवलं असावं. डोक्यावर पदर, खाली नजर, हातात ट्रे. अगदी रीतीप्रमाणे. तिनं पाहुण्यांना बश्या दिल्या आणि आत जायला वळली. तेव्हाच किसनराव मला सांगत होते, की बोकड राजी झालाय तर आता आम्ही आत जाऊन घंटेच्या खोलीचं दार उघडतो. ताई जागच्या जागी थांबली.

"मामा, दार नका उघडू," ती म्हणाली. "आधी वर बघा."

मुलगी दाखवायची असते तेव्हा तिनं नाव, शिक्षण आणि स्वयंपाक एवढ्या तीन विषयांवर, तेही विचारल्यावर, बोलायचं असतं. आईनं दारातच कपाळाला हात लावला. गयाबाई ताईकडं नखशिखांत बघत होत्या. आणि ताईनं काय करावं? कोनाड्यातून चोराचा कागद घेतला आणि खाली बसली. "गजू, मी चोर. मी दार तपासते." पिशवीत हात. वीस.

मला सांगणं भाग पडलं, की दारावर, छताला, मोठा दगड टांगलेला आहे. तिनं दुसऱ्यांदा हात घातला आणि दगडाची दोरी कुठं आहे तेही शोधलं. पुन्हा वीस. किसनराव पोहे खायचे थांबले. "पोरगी हुशार हाय," ते अण्णांना म्हणाले. अण्णा म्हणाले, "व्हय, हाय." आता नुसती दोरी बांधून टाकली असती की घंटा हातात होती. दगड पडणार नाही, भांडण नाही, रक्त नाही. फुकटची गुहा माझ्या हातात नुसती सत्यनारायणाच्या पूजेसारखी आटपत चालली होती!

आणि मला राहवलं नाही. मी ठासून सांगितलं, की दोरी तलवारबाजानंच बांधायला हवी, नियम आहे. असा नियम नव्हता. ताईनं माझ्याकडं रोखून बघितलं. किसनरावांनी डाव्या हातात बशी धरली, उजवा हात पिशवीत घातला आणि हळकुंड बाहेर काढलं.

एक.

मी आनंदानं (हो, आनंदानंच, खोटं कशाला बोलू) दगड खाली आणला. आवाजही काढला. "संपले," मी म्हटलं. "तलवारबाज जागीच गेला."

हे वाक्य हवेत असतानाच मला कळलं, की मी काय बोललो. आईच्या हातून चहाची चाळणी पडल्याचा आवाज आला. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "शुभकार्याला आलोत आमी," त्या हळूच म्हणाल्या. "अन् माझ्यासमोर माझा भाऊ मारला. मी जडीबुटीवाली बसलेली असताना." मी समजावायला लागलो, की खरं नाही ते, खेळ आहे, मामा, तुम्हीच सांगा ना आत्यांना. किसनरावांनी तोंड उघडलं नाही. खेळाच्या आधी मीच नियम सांगितला होता, की मेलेल्यानं बोलायचं नसतं. आणि हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगत आलेला. ते भिंतीला टेकले, डोळे अर्धवट मिटले आणि मेले.

नेमका तेव्हा दिलीप आला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, शर्टावर ऑइल. बघतो तर आत्या डोळे पुसतेय, बाप भिंतीला टेकून गप्प.

"बाबा? काय झालं?"

किसनरावांनी बोट वर केलं. दिलीपनं छताकडं बघितलं. अण्णांनीही बघितलं.

"गेला," गयाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"दगडाखाली."

त्याला सगळं सांगेपर्यंत माझी जीभ चार वेळा अडखळली. तो हसला नाही, रागावलाही नाही. पण गयाबाईंनी निकाल देऊन टाकला. मेलेल्या माणसाच्या तोंडून सोयरिकीचं बोलणं होत नसतं. तो उठला तर बोलू. न उठता आम्ही असेच उंबऱ्याबाहेर गेलो, तर पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. मी ताईकडं बघितलं. ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. तेव्हा मला कळलं. हे स्थळ तिला मनापासून हवं होतं आणि ते मी दोन पानांच्या लढाईपायी घालवलं होतं.

मी कागद भराभर उलटले. मेलेल्याला उठवायचा काहीतरी उपाय असेलच. होता! शेवटच्या पानावर, तशाच शिंगवाल्याच्या चित्राखाली लिहिलं होतं: पुढं काय होतं आणि मेलेले कसे परत येतात, हे जाणून घेण्यासाठी आमचं पूर्ण पुस्तक विकत घ्या.

सायकल मी कशी मारली ते मला आठवत नाही. मोईन पडद्यामागं झोपला होता. "मोईन, मुर्दा जिंदा करनेका है," मी म्हटलं. त्यानं डोळे चोळत विचारलं, "फ्री में?" म्हटलं फ्रीमध्येच, डॉलर कुठून आणू? त्यानं कंपनीची साइट उघडली. तिथं फुकटच्या वस्तूंचं एक नवं पान होतं, पण आधी नाव, गाव, राज्य भरा म्हणे. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नव्हता. मोईननं पहिलं सापडलं ते अमेरिकेतलं राज्य निवडलं आणि त्या संध्याकाळपुरती हिंगोली तिकडं गेली. मग डाउनलोड. ती निळी पट्टी एक घर पुढं सरकायची आणि थांबायची. मी उठायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. मोईनचे अब्बा मशीनवरून वैतागून म्हणाले, "बेटा, तू बैठ, नहीं तो मैं तेरे कू पैजामे के साथ सी दूँगा."

शेवटी ते उतरलं. त्यात दोन वस्तू होत्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावायला बोकडाचं रंगीत चित्र आणि एक कोरा कागद. नवीन माणूस तयार करण्यासाठी, फक्त रकाने आखलेला. बस. मेलेल्यांबद्दल अक्षर नाही. मी तो कोरा कागद घेऊन घरी निघालो. रस्ताभर मला रडू येत होतं, आणि सायकलवर डोळे पुसता येत नाहीत.

घरात शिरलो तर बैठकीत वेगळंच दृश्य. लाइट अजून नव्हतीच, कंदील लावला होता. किसनराव तसेच मेलेले. गयाबाई जपमाळ ओढत होत्या. आणि ताई आणि दिलीप गुहेच्या नकाशावर वाकले होते. मेकॅनिक माणूस, त्याला एवढाच प्रश्न पडला होता, की दगड दाराला जोडलेला कसा होता. ताई त्याला दोरी, कप्पी आणि खिट्टी दाखवत होती. तो म्हणत होता, "कप्पी इथं असली तर दगड मागं पडन. हे चुकीचं हाय. ह्या कंपनीला सांगायला पाहिजे." ती म्हणाली, "मग दार उघडून बघायचं का?" तो म्हणाला, "आधी ठोकून बघू." मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पार पडला होता आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. गयाबाईंची जपमाळ मात्र केव्हाची एकाच मण्यावर थांबलेली होती.

मी कोरा कागद पुढं केला आणि खाली मान घालून म्हणालो, एवढंच फुकट होतं. ताईनं तो घेतला. स्केचपेन काढला. वरच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'तलवारबाजाचा धाकटा भाऊ', आणि कागद किसनरावांच्या मांडीवर ठेवला. "मामा, ते गेले. तुम्ही त्यांच्या जागी आलात. तुम्हाला बोलता येतं."

किसनरावांनी कागद वाचला. घसा खाकरला.

"चहा हाय का?" ते म्हणाले.

मग सगळं झपाझप झालं. चहा झाला, हसणं झालं, बोलणंही झालं. विचार करून कळवतो, असं ते म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्यावरून आईनं ओळखलं आणि ती ओटीच्या तयारीला लागली. सवाष्ण घरी आली तर तिची ओटी भरल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नसतं. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. आईनं डबा उघडला. डब्यात चुरा. देवाजवळ, ताईनं खेळ आवरून ठेवलेली एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात हाताला छान जाड हळकुंडं लागली. कंदिलाच्या उजेडात आईनं त्यातलं एक उचललं आणि गयाबाईंच्या ओटीत घातलं.

पाहुणे अंगणापर्यंत गेले. गयाबाई ओटी नीट खोचायला थांबल्या, हळकुंड हाताला लागलं आणि त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. लाइट नेमकी तेव्हाच आली.

एक.

त्यांनी ते किसनरावांना दाखवलं. किसनरावांचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि त्यांनी वर बघितलं. अण्णांच्या तोंडून पहिल्यांदाच 'येईल' निघालं नाही. मी पुढं होऊन काय काय बरळलो मला आठवत नाही. माझी चूक आहे, आईचा दोष नाही, आकडे मी घातले, हळकुंडं ताईच्या लग्नाची होती, असं सगळं.

गयाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पिशवी आण."

मी आणली.

"ज्यानं हे सुरू केलं त्यानंच काढायचं. वीस निघाला तर पोरगी आमची. न्हाई निघाला तर राम राम."

सगळ्यांसमोर मी पिशवीत हात घातला. आयुष्यात तेवढा मी कधीच स्थिर उभा राहिलो नव्हतो. हाताला मात्र घाम फुटला होता. एक हळकुंड धरलं, सोडलं, दुसरं धरलं. ते सोडायचा धीर होईना, घट्ट आवळलं. बाहेर काढून मूठ उघडली. घामानं स्केचपेनची शाई विरघळली होती. तळहातावर काळा-पिवळा चिखल आणि त्यात एक हळकुंड. आकडा? असेल काहीतरी. मी डोळे फाडून बघत होतो. तीन होता, आठ होता, की तेरा?

गयाबाईंनी माझा हात ओढून दिव्याखाली नेला. चष्मा नाकावर खाली घेतला. बराच वेळ त्या हळकुंडाकडं बघत राहिल्या. मग एकदा ताईकडं बघितलं, एकदा ऑइलनं माखलेल्या दिलीपकडं.

"वीसच हाय," त्या म्हणाल्या. "बराबर वीस हाय. काय रे किसन?"

किसनराव म्हणाले, "वीसच." अण्णा म्हणाले, "वीस." मी तिथंच पायरीवर बसलो आणि लेकरासारखा रडलो.

लग्न झालं. हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या मनगटाला हळकुंड बांधायचं होतं. भटजींनी मागितलं तेव्हा ताईनं आपल्या पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक काढून दिलं. मी शेजारीच होतो. हळकुंडावर माझ्या हातचा ठसठशीत आकडा होता. वीस.

मी तिला कोपऱ्यात गाठलं. हे तुझ्याकडं कधीपासून? "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. म्हणजे सरावाच्या वेळी, पाहुण्यांसमोर, दोन्ही वेळा? "मी कोण होते?" तिनं विचारलं. चोर होती. म्हणजे अंगणात सगळ्यांच्या देखत मी जेव्हा बहिणीचं नशीब हातात घेऊन उभा होतो, तेव्हा त्या पिशवीत वीस नव्हताच!

आता दिवाळीला वारंग्याला गेलं की हॉटेल बंद झाल्यावर त्याच हळकुंडांनी खेळ होतो. गोष्ट दाजी सांगतात, गुहेतल्या कप्प्या त्यांनी सगळ्या दुरुस्त केल्यात. किसनराव अजून धाकटे भाऊच आहेत. मला तोंड उघडायच्या आधी गुहेच्या दारात उभं करतात आणि गयाबाई जेवलास का म्हणून विचारतात. मी बोकड असतो. माझी ड्युटी अजून संपलेली नाही.